हवेतले कण आणि बदलता पाऊस : प्रस्तावना

१९९९ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत हिंदी महासागरावर एक मोठी शास्त्रीय मोहीम पार पडली. मालदीवमधल्या काशिधू या लहानशा बेटावर वेधशाळा उभारली गेली, अमेरिका आणि युरोपातून संशोधन-विमाने आली, आपले ‘सागर कन्या’ हे जहाजही मोजमापात उतरले. व्ही. रामनाथन, पॉल क्रुट्झन आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा ही या ‘इंडोएक्स’ मोहिमेमागची मोठी नावे. हिवाळ्यात आपल्याकडचे वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. त्यांच्याबरोबर उपखंडातली हवा दक्षिणेकडे जाते आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यात दक्षिण गोलार्धातल्या स्वच्छ हवेला भेटते. मळलेली आणि निर्मळ हवा एकाच समुद्रावर मोजून पाहण्याची ही संधी होती.

जे हाती आले त्याने शास्त्रज्ञही चकित झाले. किनाऱ्यापासून हजार किलोमीटर दूर, जिथे ना कारखाना ना चूल, तिथेही समुद्रावर तपकिरी धुरकट थर पसरलेला होता. त्याची जाडी सुमारे तीन किलोमीटरपर्यंत भरत होती. त्यातले बहुतांश कण माणसाच्या उद्योगातून आलेले होते : कोळसा, डिझेल, लाकूडफाटा, शेण्या आणि शेतातला पाचोळा जाळून निघालेले. या थरामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर पोहोचणारे ऊन दहा टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक घटले होते. तोवर धुराचा प्रश्न म्हणजे शहराचा प्रश्न, खोकल्याचा आणि डोळ्यांच्या जळजळीचा प्रश्न, अशीच सर्वसाधारण समजूत होती. धूर एका महासागरावरचे ऊन अडवतो आणि ज्या समुद्रावरून आपला पाऊस येतो त्या समुद्राचेच गणित बदलतो, हे या मोहिमेने प्रत्यक्ष मोजून दाखवले.

हे पुस्तक त्या गणिताबद्दल आहे. हवामानबदल म्हटला की आपल्यासमोर कार्बन डायऑक्साइड येतो, आणि ते योग्यच आहे. तापमानवाढीचा मुख्य सूत्रधार तोच आहे. पण गेल्या शंभर वर्षांत कुठे किती तापले, कुठे पाऊस ओसरला आणि कुठे परतला, हे त्याच्या एकट्याच्या जोरावर समजत नाही. त्यासाठी हवेत तरंगणाऱ्या कणांकडे वळावे लागते. आणि कणांच्या बाबतीत किती सोडले एवढेच विचारून भागत नाही. कोणते कण, कुठल्या प्रदेशावर, कुठल्या ऋतूत, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात. या पुस्तकाची मांडणी याच तीन प्रश्नांभोवती आहे.

पहिला प्रश्न, कोणते कण. शास्त्रज्ञ हवेतल्या या घन आणि द्रव कणांना एकत्रितपणे ‘एरोसोल’ म्हणतात. त्यांत वाळवंटातली धूळ आहे, लाटांतून उडालेले मीठ आहे, ज्वालामुखीची आणि वणव्यांची भर आहे. माणसाने घातलेली भर प्रामुख्याने दोन प्रकारची. कोळसा आणि खनिज तेलातले गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो आणि हवेतच त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात. हे कण फिकट असतात, ऊन परतवतात आणि खालची जमीन थंड ठेवतात. दुसरी काजळी. चूल, वीटभट्टी, डिझेलचे जुने इंजिन, पेटवलेले काड, अशा अर्धवट ज्वलनातून ती येते. काजळी ऊन शोषते. जमिनीला सावली देते, पण भोवतालची हवा तापवते, आणि हिमालयातल्या बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळवते. प्रत्यक्ष हवेत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले, एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे एखादा थर शेवटी थंड करील की तापवील, हे त्यातल्या मिश्रणावर, त्याच्या उंचीवर आणि खाली काळा समुद्र आहे की पांढरा बर्फ, यावर ठरते.

आणखी एक गोष्ट वाचकाने मनात पक्की धरावी. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतके राहतो आणि जगभर जवळजवळ सारखा पसरतो. खालच्या हवेतला कण मात्र साधारण आठवडाभराचा सोबती असतो. पाऊस पडला की तो धुऊन जातो. म्हणून कणांचा नकाशा सारखा बदलता असतो. आज जिथे धुराडी पेटली तिथे तो गडद होतो, जिथे विझली तिथे काही दिवसांत फिका पडतो. २०२० सालच्या टाळेबंदीत उत्तर भारतावरच्या कणांचे प्रमाण अवघ्या काही आठवड्यांत वीस वर्षांतल्या नीचांकावर आले आणि जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. कार्बन डायऑक्साइडची हवेतली पातळी मात्र त्या वर्षीही चढतच राहिली. या दोन्हींच्या आयुष्यातली ही तफावत या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक युक्तिवादाच्या मुळाशी आहे.

कणांचे सर्वांत गुंतागुंतीचे काम ढगांत चालते. स्वच्छ हवेतली वाफ आपली आपण थेंब बनत नाही, तिला बसायला कण लागतो. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे ‘आयआयटीएम’ची, मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग गाठायला विमान लागत नाही, ढगच जमिनीला टेकतो आणि उपकरणांतून वाहत जातो. त्या उपकरणांत हवेचा नमुना ओढून घेतात, तिच्यातली आर्द्रता शंभर टक्क्यांच्या किंचित वर नेतात आणि किती कणांवर थेंब धरतो ते मोजतात. हे कण म्हणजे मेघबीजे. वाफ तेवढीच आणि मेघबीजे जास्त झाली, तर तीच वाफ अधिक थेंबांत वाटली जाते आणि प्रत्येक थेंब लहान राहतो. असंख्य लहान थेंबांचा ढग अधिक पांढरा दिसतो आणि अधिक ऊन परतवतो, हे मेघशास्त्रज्ञ शॉन ट्वोमी यांनी १९७४ साली मांडले. लहान थेंब एकमेकांवर आदळून सहज मोठे होत नाहीत, म्हणून पाऊस लांबतो, हा त्याचा पुढचा भाग. पावसाच्या एका थेंबात ढगातले सुमारे दहा लाख थेंब मावतात हे लक्षात घेतले, तर सुरुवातीच्या त्या अडखळण्याचे महत्त्व कळते. आयआयटीएमने २००९ पासून चालवलेल्या ‘कायपीक्स’ प्रयोगात विमानांनी भारतीय ढगांतून थेट फेऱ्या मारल्या. मळक्या हवेत पाऊस धरण्यासाठी ढगाला अधिक उंच वाढावे लागते, हे त्या मोजमापांतही दिसले. प्रयोगाचा एक मोठा टप्पा सोलापूर परिसरात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात झाला, आणि कृत्रिम पावसाच्या चर्चेत रस असणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेतला पाहिजे.

कण खरोखर पृथ्वी थंड करतात का, याची चाचणी निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे पावसाळी ढगांच्याही वरच्या थरात, फेकला. तिथे पाऊस नसल्याने कण वर्ष-दोन वर्षे टिकले आणि १९९२ मध्ये पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या गटाने हे भाकीत आधीच छापून ठेवले होते. माणसाने सोडलेल्या कणांचा एकूण परिणाम हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे ‘आयपीसीसी’च्या, २०२१ च्या अहवालात मांडला आहे. १७५० पासून कणांनी पृथ्वीच्या ऊर्जेतून दर चौरस मीटरला सुमारे १.१ वॉट वजा केले, असा त्यातला मध्य अंदाज आहे. कार्बन डायऑक्साइडने एकट्याने २ वॉटहून थोडे अधिक जमा केले. तापमानाच्या भाषेत सांगायचे, तर हरितगृह वायूंनी जग साधारण दीड अंशाने तापवले असते, त्यातला जवळपास ०.४ अंशाचा ताप कणांनी झाकून ठेवला. या अंदाजांच्या मर्यादा रुंद आहेत, कारण ढगांचे वागणे अजून पुरते पकडीत आलेले नाही. पण झाकलेला ताप आहे, याबद्दल वाद नाही.

दुसरा प्रश्न, कुठे. इथे विसाव्या शतकाचा आर्थिक इतिहास आकाशात उमटलेला दिसतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचे धुके बसले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. १९७० मध्ये अमेरिकेने कडक कायदा केला, १९७९ मध्ये आम्लपर्जन्याने हैराण झालेल्या युरोपीय देशांनी जिनिव्हात करार केला. त्याआधीची काही दशके उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून गंधकाचा धूर अखंड निघत होता. त्याने उत्तर अटलांटिक तुलनेने थंड राहिला आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. १९७० आणि ८० च्या दशकांत आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यावर कोसळलेल्या भीषण दुष्काळामागे या सरकण्याचा वाटा होता, असे आज अनेक अभ्यास सांगतात. युरोप आणि अमेरिकेतल्या धुराड्यांची किंमत माली, नायजर आणि सुदानमधल्या गुराख्यांनीही मोजली. कणांचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे असे मी म्हणतो, ते यासाठी.

पश्चिमेकडची हवा निवळली तशी तिथे जमिनीवर पुन्हा ऊन वाढू लागले. त्याच काळात धुराचे केंद्र आशियात सरकले. चीनमधले गंधकाचे उत्सर्जन या शतकाच्या पहिल्या दशकात कळसाला पोहोचले. २०१३ नंतर चीनने ज्या वेगाने ते उतरवले, त्याला इतिहासात जोड नाही. २०१६ च्या सुमारास सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या देशांत भारताने चीनला मागे टाकले. १ जानेवारी २०२० पासून खोल समुद्रातल्या जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि जहाजांच्या मागे ढगांत उमटणारे पांढरे पट्टे उपग्रहचित्रांतून विरळ झाले. गेल्या काही वर्षांत जगाचे तापमान अपेक्षेहून वेगाने का चढले, याच्या चर्चेत पूर्व आशियातली आणि समुद्रावरची ही सफाई आता ठळकपणे आली आहे. तिचा नेमका वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत जोरदार वाद आहे. तो वाद या पुस्तकात दोन्ही बाजूंनी मांडला आहे.

तिसरा प्रश्न, केव्हा. हा प्रश्न आपल्या सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण आपले वर्ष मोसमी पावसावर टांगलेले आहे. जमीन तापते, समुद्र तुलनेने थंड राहतो, आणि या फरकाच्या ओढीने वारे ओल घेऊन येतात. डिसेंबरपासून मेपर्यंत उत्तर भारतावर आणि लगतच्या समुद्रावर कणांचा थर सर्वांत दाट असतो, म्हणजे नेमका जमीन तापायच्या हंगामात. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या १२ केंद्रांवरच्या नोंदी तपासल्या तेव्हा १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोहोचणारे ऊन दरवर्षी चौरस मीटरला सुमारे ०.८६ वॉटने घटत गेल्याचे आढळले. ऊन कमी, तर ओढ कमी, आणि समुद्रातून उठणारी वाफही कमी. २०२० मध्ये पुण्याच्याच संस्थेने सिद्ध केलेल्या भारताच्या हवामानबदलाच्या आढाव्यात १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. ही घट गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात ठळक आहे. या घटीला हिंदी महासागराचे तापणे आणि जमिनीच्या वापरातले बदलही कारणीभूत आहेत. पण उत्तर गोलार्धातल्या कणांचा हात त्यात मोठा असावा, यावर अभ्यासकांचे बरेच मत जुळत आले आहे. त्याच आढाव्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जगाच्या सरासरीपेक्षा ही वाढ कमी आहे. या सवलतीचा एक भाग आपल्या डोक्यावरच्या धुराने दिलेला आहे.

चित्र इतकेही सरळ नाही. अरबस्तानातली धूळ अरबी समुद्रावर येते, ऊन शोषून हवा तापवते आणि आठवडाभरात मध्य भारतावरचा पाऊस वाढवू शकते, असे भारतीय संशोधकांसह झालेल्या अभ्यासात दिसले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी साचलेली काजळी मेमध्ये हवा तापवून सुरुवातीच्या पावसाला ओढून घेते, असाही एक सिद्धान्त आहे. म्हणजे एकाच मोसमात एक कण पाऊस मागे खेचतो तर दुसरा पुढे ओढतो. संपूर्ण ऋतूची सरासरी, तालुक्यातला एखाद्या दिवसाचा ढगफुटीसारखा पाऊस आणि जुलैतली तीन आठवड्यांची उघडीप या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच कारणाच्या दावणीला बांधण्याचा मोह या पुस्तकाने टाळला आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. कण ताप झाकतात, तर हवा स्वच्छ केल्यावर ताप वाढेल का? थोडा वाढेल. मांडव काढला की ऊन लागते, पण ते ऊन मांडव काढणाऱ्याने आणलेले नसते. तापमानवाढ हरितगृह वायूंनी केलेली आहे. धुराने ती फक्त दिसू दिली नाही. त्या झाकणीची किंमत माणसे फुप्फुसांनी आणि हृदयांनी मोजत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने जगात ४२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला. चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या मुलाला, स्वयंपाकघरात धुरात बसलेल्या बाईला, वीटभट्टीवरच्या मजुराला तुमच्या श्वासातून जगाला सावली मिळते आहे असे सांगणे अमानुष ठरेल. म्हणून हवा स्वच्छ झालीच पाहिजे, आणि लवकर. ती करताना क्रमाचा विचार मात्र हवा. काजळी आणि मिथेन यांच्यावरचा घाव आरोग्य आणि तापमान या दोन्हींना उपकारक ठरतो. कोळशाऐवजी सूर्य आणि वारा आले, तर कण आणि कार्बन डायऑक्साइड एकाच धुराड्यातून थांबतात. फक्त गंधक गाळले आणि कोळसा तसाच जळत ठेवला, तर आरोग्याचा मोठा फायदा होतो, पण झाकलेला ताप उघडा पडतो आणि वायूंची भर चालूच राहते. हा फरक धोरण ठरवणाऱ्यांनी आणि मत देणाऱ्यांनी समजून घ्यावा, हा या लेखनामागचा मुख्य आग्रह आहे.

आपल्याकडे निर्णय वळणावर आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना गंधकाची मर्यादा घातली गेली, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि जुलै २०२५ मध्ये तीन-चतुर्थांशाहून अधिक वीजसंचांना गंधक गाळणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून वगळण्यात आले. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते आणि ते वस्तुतः खरे आहे. परंतु धुराड्यातून निघालेला वायू तिथेच थांबत नाही. वाटेत त्याचा कण होतो आणि तो कण शेकडो किलोमीटर जातो. कोळशात गंधक किती आणि धुराड्याच्या आसपास वायू किती, यावरून या कणांचा भार कळत नाही. दुसरीकडे उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर नेला आणि २०२० पासून भारत-६ मानकांनी वाहनांच्या इंधनातले गंधक दहा लाखांत १० भागांवर आणले. दिशा योग्य असू शकते, याची ही उदाहरणे आहेत. पण सिलिंडर परत भरण्याची ऐपत नसलेल्या घरात चूल पुन्हा पेटते, हेही तितकेच खरे आहे.

पुस्तकाची रचना थोडक्यात सांगतो. पहिला भाग कणांचे भौतिकशास्त्र आणि ढगांचा आहे. ज्यांनी शाळेनंतर विज्ञान वाचलेले नाही त्यांनीही तो सोडू नये, गणित टाळून लिहिला आहे. दुसरा भाग अटलांटिक, साहेल, चीन आणि समुद्रमार्गांचा इतिहास सांगतो. तिसरा मोसमी पावसाचा, सर्वांत विस्तृत. चौथ्या भागात येत्या तीन दशकांच्या शक्यता आहेत. आशियातले कण घटले आणि वायू वाढत राहिले, तर मोसमी पाऊस एकूण वाढेल, त्यातही मुसळधार दिवस वाढतील, असे हवामानाची बहुतेक संगणकीय प्रारूपे दाखवतात. याचा अर्थ, गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या नोंदींवर धरणांचे सांडवे, पुलांची उंची आणि पिकांचे वेळापत्रक बेतणे धोक्याचे आहे. त्या नोंदी धुराच्या सावलीतल्या आकाशाच्या आहेत, आणि ते आकाश बदलणार आहे.

हवेची ही सफाई आपल्या मुलांच्या हयातीत होईल. ती त्यांच्यावर अचानक येऊन आदळू नये, नियोजनातून यावी, यासाठी शेतकरी, पाटबंधारे अभियंता, डॉक्टर आणि शिक्षक यांना हा विषय आपल्या भाषेत उपलब्ध असला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात हवा मोजणारे यंत्र कुठे आहे, ते चालू आहे का, त्याचे आकडे कोण पाहते, हे प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही. हे पुस्तक वाचून ते प्रश्न ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विचारले जावेत, एवढीच अपेक्षा आहे.